सर्वांत मागची जागा

दिवा राहू द्या तसाच. मला अंधाराचं फारसं काही वाटत नाही, पांढऱ्याचं वाटतं. भिंत पांढरी, चादर पांढरी आणि खिडकीबाहेरही धुकं, असं सगळं एकदम जुळून आलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे बोलत नाही, कारण बोलायला लागले की लोक माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या मागे बघायला लागतात.

सुरुवात अगदी साधी होती. वहिनीच्या लोहाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या आणायला मी बाहेर पडले. तिला आठवा महिना लागला होता. आमच्या गल्लीतली निम्मी घरं तोवर रिकामी झाली होती, आणि उरलेल्यांच्या खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, काचा फुटल्या तर अंगावर उडू नयेत म्हणून. औषधवाला बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. त्याने गोळ्या दिल्या, दाराकडे एकदा पाहिलं आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगावं तशा आवाजात सांगितलं, की बर्फाच्या कारखान्यामागून उद्या पहाटे दोन बोटी सुटणार आहेत आणि त्यानंतर सुटतील असं त्याला वाटत नाही.

घरी येऊन मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता गोळ्या पिशवीतच ठेव."

आई-बाबा आधीच गेले होते, लढाईत नव्हे, साध्या आजारपणाने. हे आता भाग्याचं वाटतं. आम्ही तिघंच होतो. दादा, वहिनी आणि मी. माझं कॉलेज झालं होतं, नोकरी मिळायची होती, आणि स्वभाव म्हणाल तर घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. दादा मला ससुली म्हणतो. पहिल्यांदा तोफ वाजली तेव्हा सगळे जमिनीवर आडवे झाले आणि मी मात्र उभीच राहिले, कारण मी त्याच्या आधी दार आपटल्याने दचकून उठले होते. यावर तो कितीतरी दिवस हसत होता.

बर्फाच्या कारखान्यामागे पोचलो तेव्हा कळलं की बोटी वेगवेगळ्या भरायच्या आहेत. पुढच्या बोटीत धडधाकट पुरुष, मागच्या बोटीत बायका, मुलं आणि म्हातारे. कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण वाद घालायला कुणाकडे वेळ नव्हता. दादाने वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पलीकडच्या धक्क्यावर मी उभा असेन. घाबरलीस तरी चालेल, ससुली. फक्त तिच्यासमोर नको."

त्याची बोट आमच्या आधी सुटली. मोटरचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

आमची बोट म्हणजे मासेमारीची जुनी लाकडी बोट. पुढे नावाड्याची केबिन, आणि मागे जाळी ओढायच्या मोकळ्या जागेत आम्ही, एकाच्या गुडघ्यांत दुसरा असे खेटून बसलेलो. सुटण्याआधी किनाऱ्यावरच दोन्ही बोटींच्या लोकांना एक रीत समजावून सांगितली होती. एवढ्या दाटीत डुलकी लागली आणि कुणी कडेवरून घसरलं तर शेजाऱ्यालाही कळत नाही. म्हणून नावाडी मधूनमधून लोखंडी नळीवर पाना आपटायचा. टण्. तो वाजला की सर्वांत मागे बसलेल्याने पुढच्याच्या पाठीवर तळहात टेकवायचा, त्याने त्याच्या पुढच्याच्या, असं करत हात पुढे पुढे जायचा. सर्वांत पुढचा माणूस केबिनच्या फळीवर टकटक करायचा. टकटक झाली म्हणजे सगळे आहेत. नाही झाली तर कुठेतरी कुणीतरी नाही. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, बोट डुचमळते.

नावाड्याने विचारलं, तुमच्यात अजिबात झोप न लागणारं कोण आहे? वहिनी लगेच म्हणाली, "हिला बसवा. घरात मांजर चाललं तरी ही उठून बसते." सगळे हसले. अशी मी सर्वांत मागे आले. माझ्या पुढे वहिनी, तिच्या पुढे एक म्हातारा शिंपी, मांडीवर शिलाई मशीन घेऊन. मशीनचा पायाने चालवायचा खालचा सांगाडा त्याने घरीच सोडला होता, पण वरचं काळं डोकं पोटाशी धरलेलं होतं. माझ्या मागे कमरेएवढी फळी आणि फळीमागे समुद्र.

पहिला दिवस बरा गेला. ऊन लागलं, मुलं रडली, दोघी-तिघी ओकल्या. हात पुढे जात राहिला. शिंपी म्हणायचा, एवढ्या वेळा पाठ थोपटून घ्यायला शाळेत असताना अभ्यास करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आलं.

ते खाली उतरलं वगैरे काही नाही. आम्ही त्यात शिरलो. दुधाच्या पातेल्यावर झाकण पडावं तसा आवाजच बंद झाला. वहिनीची पाठ मला दिसत होती, शिंप्याची टोपी अर्धीमुर्धी, त्यापुढे काही नाही. नावाड्याने मोटर बंद केली, कारण अशा धुक्यात मोठं जहाज अंगावर आलं तर ते आधी कानांनीच कळतं. डिझेलचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली अजून एक वास, बंद विहिरीसारखा. पाणी लाकडाला चाटत होतं तेवढाच काय तो आवाज.

आणि माझ्या पाठीवर हात आला.

पूर्ण तळहात. ओला. खांद्यांच्या मधोमध, जिथे टेकवायचा तिथेच. मी तो पुढे दिला. विचार केलाच नाही. एक दिवस एक रात्र तेच करत होतो आम्ही. वहिनीने पुढे दिला, शिंप्याने दिला. मग लांबून, धुक्यातून, टकटक ऐकू आली. त्यानंतर मला आठवलं की माझ्या मागे कुणी बसलेलं नाही.

केबिनमधून नावाड्याने विचारलं की पाना वाजवला नसताना हात कुणी सुरू केला. शिंपी म्हणाला, "मागच्या बाईसाहेब जाग्या आहेत, याची पावती असेल." कुणीतरी दमून हसलं.  माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि त्या ओल्या जागेत वारा लागत होता.

मी स्वतःची समजूत घातली. धुक्याचं पाणी असेल, फळीवरून थेंब पडला असेल. थेंबाला बोटं नसतात, हेही मला कळत होतं. मग पाना वाजला, टण्, आणि मी मुद्दामच सुरुवात केली नाही. थांबून पाहिलं.

थोडा वेळ गेला आणि हात आला.

पुढच्या खेपेलाही थांबले. या वेळी हात यायला जास्त वेळ लागला. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून जास्त. आमच्या बोटीत हात मागून पुढे जायला किती वेळ लागतो ते मला आता अंगवळणी पडलं होतं. त्यावरून मला जे समजलं ते मी स्वतःलाही पटकन सांगितलं नाही. पाना वाजला की माझ्या मागे खूप लांब कुणीतरी हात सुरू करत होतं. तो एकाकडून दुसऱ्याकडे, रांगेने, रीतीप्रमाणे माझ्यापर्यंत येत होता. आणि रांग वाढत होती.

मला ओरडायचं होतं. पण माझ्यासमोर वहिनीची पाठ होती, आणि तिच्यासमोर घाबरायचं नाही असं ठरलं होतं.

टकटक उशिरा यायला लागली हे नावाड्याच्या लक्षात आलं. लोकांच्या गुडघ्यांवरून हात टेकत टेकत तो मागे आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला. आवाज अगदी हळू. पाना वाजल्यावर लगेच देतेस की थांबतेस, विचारलं. थांबते म्हटलं. का थांबतेस, हे त्याने विचारलं नाही. माझ्या मागेही पाहिलं नाही.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "शेवटची तू. तुझ्यापासून सुरू. ते वाईट नसतात पोरी… पण त्यांना मोजायला लागलीस की ही बोट त्यांची होते." मग त्याने बोटाने फळी दाखवली. सकाळी पाणी फळीच्या बरंच खाली होतं. आता एक वीतभर खाली होतं.

तो गेला. वहिनी मागे न वळता बसून होती. मग म्हणाली, "मागे कोण आहे गं?"

कुणी नाही म्हटलं.

"पुढची बोट असेल का?"

पुढे गेलेली बोट मागे कशी असेल, असं मी म्हटलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.  तिच्या मानेवरचे केस धुक्याने भिजून चिकटले होते. मग ती म्हणाली, "ती थांबली असेल, तर आपणच पुढे आलो असू ना… विचार त्यांना. तो आहे का, विचार."

काय सांगू तुम्हाला. नावाडी म्हणत होता त्यांना मोजू नकोस, आणि ही म्हणत होती विचार. बोटीत तिचं बाळ होतं, दुसऱ्यांची मुलं होती, पाणी एक वीत खाली होतं. पण दादा माझाही होता. आणि खरं सांगायचं तर मला जे जाणून घ्यायचं होतं तेच ती बोलली होती.

हात नेहमी मागून पुढे यायचा. पुढून मागे कधीच गेला नव्हता. मी डावा हात फळीवरून मागे नेला, न बघता, डोळे मिटून. बोटं धुक्यात थंड पडली. मनातल्या मनात म्हटलं, दादा आहेस का?

माझ्या हातात एक हात आला. लहान. इतका लहान, की माझ्या दोन बोटांभोवतीच त्याची मूठ संपली. कुणा बाळाची असावी तशी. ती तशीच राहिली, आणि मला जाणवलं की प्रश्न मागे गेला आहे. रांगेत काहीतरी सरकलं. मग त्या मुठीने माझी बोटं दाबली. एकदा.

म्हणजे आहे. तिथे आहे.

"आहे का?" वहिनीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने सुस्कारा सोडला आणि पाठ जराशी सैल केली. नाही म्हणजे दादा धक्क्यावर आहे, असा तिचा हिशेब. तो मी मोडला नाही.

त्यानंतर पाना वाजला की मी लगेच, सांगितल्याप्रमाणे, स्वतःपासून सुरुवात करत राहिले. उजव्या हाताने वहिनीची पाठ. टकटक वेळेवर यायला लागली. नावाड्याला वाटलं असेल, पोरीने ऐकलं. पण माझा डावा हात मागेच होता. ती मूठ मी सोडली नाही. तिच्यामागे दादा होता, आता कसाही असो. आणि सोडली तर तो कशाला धरून राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाणी फळीपर्यंत आलं. मग फळीवरून आत. मी बसले होते ते लाकूड ओलं झालं, वहिनीचे पाय भिजले. लोक डब्यांनी पाणी उपसायला लागले. नावाड्याने वजन कमी करायला सांगितलं, तशा पिशव्या गेल्या, एक पेटी गेली. मग शिंप्याच्या मशीनचं नाव निघालं.  त्याने मशीनच्या चाकावरून एकदा हात फिरवला, गुडघ्यांवर उभा राहून वहिनीच्या आणि माझ्या डोक्यावरून ते वजन त्याने मागे टाकलं, आणि परत बसला.

पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

शिंपी ऐकत होता. मीही ऐकत होते. एवढं लोखंड… डुबुक नाही, काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. माझ्यामुळे त्याची रोजीरोटी गेली हे मला ठाऊक होतं. तरी हात सोडला नाही. घाबरट माणूस एकदा काही धरून बसला ना, की त्याच्याइतकं घट्ट कुणी धरत नाही.

किती वेळ गेला ते कळलं नाही. मग फार लांबून, आमच्या मागून, एका मोठ्या जहाजाचा भोंगा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. आणि त्या मुठीने स्वतःच माझी बोटं सोडली. झोपलेल्या मुलाचा हात आपोआप सैल होतो तशी. मागचा भाग किंचित वर आला. ते बोटीतल्या सगळ्यांना जाणवलं. वारा सुटला, धुकं फाटलं, आणि मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. ऊन पडलेला सपाट समुद्र होता. बस्स.

संध्याकाळच्या आत आम्ही पोचलो. धक्क्यावर लोक होते, घोंगड्या होत्या, गरम चहा होता. दादा नव्हता. पुढची बोट पोचलीच नव्हती.

या वॉर्डात आम्हाला आणलं; जायला घर नाही म्हणून अजून इथेच आहोत. ही कॉट वहिनीची, ती पलीकडची माझी. महिनाभर वहिनी रोज सकाळी केस विंचरून दाराकडे तोंड करून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरला सांगायची, उशीर होतोय त्यांना, पण येतील; हिने विचारलंय. तिची जेवणं होत होती, झोप होत होती, बाळाचे ठोके नीट होते. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मन असं शांत पाहिजे. आणि मी दुसऱ्या कॉटवर भिंतीला पाठ लावून बसायचे. माझ्या एका "नाही"वर ती जगत होती. खरं सांगितलं तर बाळाचं काय होईल, न सांगितलं तर किती दिवस, हेच दिवसभर चालायचं. पाठ भिंतीला लावली की बरं वाटायचं.

आणि दादा आला.

दुपारची वेळ होती, मी चादरींच्या घड्या करत होते. दारात काठी घेऊन एक वाळका माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "ससुली, दचकू नकोस." मी दचकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मी खालीच बसले. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "आलात? किती उशीर." आणि मग इतकी रडली की सिस्टर धावत आल्या.

त्याची बोट पहिल्याच रात्री फुटली होती. ते पाण्यात पडले, फळकुटांना धरून, एकमेकांची कॉलर धरून रांगेने तरंगत राहिले. सकाळी धुकं आलं. झोप लागून कुणी सुटू नये म्हणून त्यांनीही तीच रीत चालू ठेवली, मागून पुढे हात. धुक्यातून मध्येच टण् असं ऐकू यायचं, असं तो म्हणाला. मग एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं आणि दुसऱ्याच बंदरात, तिथल्या इस्पितळात नेलं.

हे तो वहिनीसमोर बोलला. पुढचं मला एकटीला सांगितलं, व्हरांड्यात. त्याच्या पुढे रांगेत कुणीतरी लहान होतं. इवलासा खांदा, उघडा, कमालीचा गरम. त्याला वाटायचं, एवढ्याशा पोराला सर्वांत पुढे कुणी ठेवलं. पण ते दमत नव्हतं. उजवा हात पुढे करून कशाला तरी धरून होतं, आणि त्याच्यामुळे सगळी रांग वाहून जात नव्हती. एकदा पुढून हात मागे आला. पुढून कधी येत नसे.

"मला कळलं कुणीतरी विचारतंय," दादा म्हणाला. "असं भीत भीत विचारणारं दुसरं कोण असणार. मी दाबलं. आहे म्हणून सांगितलं."

जहाजाने शिडी सोडली तेव्हा पहिला दादाच वर चढला. त्याच्या पुढे कुणी नव्हतं. मी विचारलं, आणि मागे?  तो म्हणाला, जहाजावर चढलो आम्ही मोजकेच. पण हात मात्र पाठीवर शेवटपर्यंत येत होते, आणि यायला फार वेळ लागायचा.

पुढच्याच आठवड्यात बाळ झालं. मुलगी. सुखरूप. सिस्टरने तिला आंघोळ घालून माझ्या हातात दिलं तेव्हा मी पाहिलं, तिच्या उजव्या हाताची बोटं सुरकुतलेली होती. कपडे धुतल्यावर आपली होतात ना, तशी. पांढरी, मऊ, भिजलेली. फक्त उजव्या. सिस्टर म्हणाली, नऊ महिने पाण्यातच असतात ही, दोन दिवसांत जाईल. दादाने ती बोटं बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तो उजवा हात स्वतःच्या कपाळाला लावला.  

आता ती दुपट्यात मावत नाही. मान धरते, हसते. बोटं तशीच आहेत. मी रोज कोरड्या फडक्याने पुसते, तेवढ्यापुरती कोरडी होतात. त्याचं मला काही वाटत नाही. उलट त्या हाताचे उपकार आहेत आमच्यावर.

डावा हात कालपर्यंत छान गुळगुळीत होता. आज सकाळी तिला उचललं, तर त्याचीही बोटं भिजलेली आहेत. आणि ती झोपली असली तरी ती डावी मूठ कॉटच्या दांड्यांतून बाहेर, मागे गेलेली असते, मागच्या कुणाची बोटं धरल्यासारखी… मी आत घेते, ती परत जाते.